सातव्या वहीतले दहा सेंटीमीटर

प्रिय पाचर,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी घाबरली असशील. आई ठणठणीत आहे. आपलं ऑपेरा हाउस मात्र गेलं. बातमी तू वाचली असशीलच, पण त्या बातमीत दोन चुका आहेत. आग रात्री नाही, सोमवारी दुपारी सव्वादोनला लागली. छत कौलारू नव्हतं, तांब्याच्या पत्र्याचं होतं. आणि ‘शॉर्ट सर्किट’ ही चूक नाही, ती थाप आहे. सोमवार सुट्टीचा. वायरमन रजेवर, म्हणून रविवारचा खेळ संपल्यावर मेन स्विच मी स्वतः खाली ओढला, पेटीला कुलूप घातलं. किल्ली अजून माझ्या खिशात आहे. बंद विजेने आग लागते हे मला कोणी शिकवलेलं नाही. तसं मला कोणीच काही शिकवलेलं नाही म्हणा.

शिवाय आग दोन ठिकाणी एकदम पेटली: खाली पडद्यांच्या कोठारात आणि वर तिसऱ्या सज्जात. मधे एकोणतीस मीटर. आग आपल्या पायाने जिना चढली की काय? पहारेकऱ्याला त्याच दुपारी मुख्य कचेरीचा निरोप आला. तिथे गेल्यावर कळलं, त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. हे कुणी केलं ते मी लिहीत नाही. पाहिलं नाही ते मी बोलत नाही. पण मोजलेलं सोडतही नाही.

चौकशी समितीने मला बोलावलं होतं. अध्यक्ष म्हणाले, मिस्त्री, झालं ते वाईटच, पण मूळ नकाशे इमारतीबरोबर जळाले. होती तशी परत बांधायची तरी कशावरून? म्हणजे काय ते लक्षात आलं ना? नकाशे नाहीत, तर इमारत नाही. इमारत नाही, तर जागा मोकळी. जागेवर डोळा असलेल्यांचा वकील शेजारीच बसला होता. तो इतका मान डोलवत होता की मला वाटलं, बिजागरी सैल झालीय. मी म्हणालो, मापं माझ्याकडे आहेत. एकोणीस वह्या, सव्वीस वर्षांच्या. चौकटी, कठडे, रंगमंचाचा उतार, सज्जातल्या दोन खुर्च्यांमधलं अंतरसुद्धा. वकील हसला. सुताराच्या वह्या? शिक्षण किती तुमचं? मी म्हणालो, पाचवी. पण साहेब, तुमच्या खुर्चीचा मागचा डावा पाय चार मिलीमीटर आखूड आहे. त्याने नको तेव्हा अंग हलवलं आणि खुर्ची डुगडुगली. अध्यक्षांना खोकला आला. मग म्हणाले, पुढच्या गुरुवारी वह्या आणा, तज्ज्ञ तपासतील. वकिलाने लगेच लिहून घेतलं: वह्यांचा मेळ बसला नाही, तर सगळ्या बाद.

वह्या वाचल्या त्या घरी होत्या म्हणून. हा पसारा थिएटरात नेऊन ठेवा म्हणून तुझी आई वीस वर्षं माझ्या मागे लागली होती, आणि मी ऐकलं नाही. बायकोचं न ऐकल्याचा इतका फायदा मला आजवर झाला नव्हता. आता ती शेजारणींना सांगते, मीच सांभाळल्या हो.

पाचव्या-सहाव्या वहीत कडेला तुझ्या पेन्सिलीच्या रेघोट्या आहेत. टेपचं टोक तू धरायचीस आणि मी आकडा लिहिणार तेवढ्यात मधेच म्हणायचीस, बाबा, टेप वाकडी आहे. माझ्या प्रत्येक वाक्यात पाचर मारायचीस, म्हणून तर हे नाव पडलं. टेप बहुतेक वेळा वाकडी असायचीच, हे मी तेव्हाही कबूल केलं नव्हतं.

काल पोलिसांनी आत जाऊ दिलं. सगळा कोळसा. रंगमंचाच्या तोंडाशी असलेले दोन दगडी खांब तेवढे उभे आहेत, काळेठिक्कर, पण ओळंब्यात, सरळ. गेलो तसा टेप लावली. सातव्या वहीत दोन खांबांमधलं अंतर अकरा मीटर चौसष्ट लिहिलंय. भरलं अकरा चोपन्न. चार वेळा मोजलं.

चार वर्षांपूर्वी तूही अकरा चोपन्नच सांगितलं होतंस. कॉलेजच्या कामासाठी ते लेझरचं यंत्र घेऊन सगळी इमारत मोजायला आली होतीस, आणि माझ्या सगळ्या माणसांसमोर म्हणालीस, बाबा, वहीत दहा सेंटीमीटर जास्त आहेत. मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही; तुला पाठ असेल. चूक टेपची नाही, तुझ्या यंत्राची नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं झालं. सातवी वही लिहिली त्या वर्षी टेपचा हूक तुटला होता. मी शून्याऐवजी दहावर धरून मोजायचो आणि लिहिताना दहा वजा करायचो. कधी केले, कधी राहिले. कुठे राहिले ते मला आता सांगता येत नाही, कारण मोजायला भिंतीच उरल्या नाहीत.

काल संध्याकाळी खोडरबर हातात घेतलं होतं. एक आकडा तर होता. मग ठेवून दिलं. खोटं माप लिहिणाऱ्याने आग लावणाऱ्याकडे बोट कुठल्या तोंडाने दाखवायचं? गुरुवारी वकिलाने चूक काढायच्या आत मी उभा राहून सांगणार आहे की सातवी वही चुकीची आहे, आणि बरोबर मापं माझ्या मुलीकडे आहेत. तुझी ती कॉलेजची फाइल तू टाकली नसशील. माझीच मुलगी आहेस. गुरुवारी अकरा वाजता. फाइल घेऊन ये आणि माझ्या शेजारी उभी राहा. ते इमारत जाळू शकले. आपण मोजलेली त्यांना जाळता येणार नाही. दुसरं टोक मी धरतो. आकडा तू सांग.

तुझाच, दहा सेंटीमीटरने चुकलेला,
बाबा