दुसरी लाइन

आई, आज पुन्हा मळ्याकडच्या रुळाशी उभा होतो आणि तुझा राग आला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो. घर अलीकडे, मळा पलीकडे, मधून रेल्वे. त्यामुळे लहानपणापासून तुझा एकच धडा. माझा हात धरून बाभळीखाली थांबायचीस आणि शेवटचा डबा गेला की म्हणायचीस, "गाडी गेली का बिनघोर निघायचं. एका रुळावर दोन गाड्या येत्यात व्हय?" जन्मभर ते खरंच होतं. मग शेजारी दुसरी लाइन पडली. रेल्वेने एक पाटी रोवली, तुला अक्षर ओळखीचं नव्हतं. त्या दिवशी डोक्यावर घासाचा भारा घेऊन तू नेहमीसारखी थांबलीस, गाडी जाऊ दिलीस आणि निघालीस. दुसरी तिच्याआडून आली. भारा डोक्यावर असताना मान कुठं वळते?

चौकशीला आलेला रेल्वेचा साहेब म्हणाला, "रुळावर येणं हाच गुन्हा आहे." म्हणजे जीव गेला तो गेला, वर गुन्हेगारही तूच. मग गावाने मोर्चे काढले, तेव्हा कुठं रुळाखालून भुयारी रस्ता झाला. पुढाऱ्यांनी नारळ फोडला, फोटो काढले, तुझं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. पावसाळा लागला की त्या भुयारात कमरेइतकं पाणी, ते दिवाळीपर्यंत हटत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं आपलं गाव. सरकारला पाणी अडवणं साधलं ते नेमकं तिथं. तक्रार केली की पंप मंजूर आहे म्हणतात. तोवर सगळं गाव पुन्हा रुळावरूनच ये-जा करतं.

आज मळ्यातून परतताना तुझी नात बरोबर होती. तू तिला पाहिलेलं नाहीस. मालगाडी आली, गेली. मी म्हणालो, "चल, गाडी गेली." पोरीने मागून सदरा ओढला. "पप्पा, थांबा की! दुसरी बघू द्या."

दुसरी येत नव्हती. घरी आल्यावर विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

"मम्मीनं. पप्पा बरूबर असले का जास्त बघायचं म्हनली."

हे पत्र तुला पोचणार नाही तेच बरं. इतकी वर्षं तुलाच बोल लावत आलो, आणि गाडी गेली की माझा पाय अजून तुझंच ऐकतो.