तीन किलो पन्नास ग्रॅम

३ डिसेंबर, मंगळवार

आरोग्य केंद्रातून मला पाठवलंच शेवटी! बावीस वर्षं बाळंतिणींना पाजायला शिकवतेय, आणि आता मीच वर्गात. दहा दिवसांचं प्रशिक्षण — स्तनपानाला मदत करणाऱ्यांसाठी. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीएवढ्या. आल्या आल्या सगळ्यांना हात पाठीमागे बांधायला लावले! आईच्या अंगाला हात लावायचा नाही, आधी बघायचं, मग विचारायचं. शेजारची नर्स कुजबुजली, "आता पकडून नेतात की काय आपल्याला?" हसून हसून पुरेवाट.

गृहपाठसुद्धा आहे. एक आई, तिचं बाळ, रोज वहीत नोंद. लांब कशाला जायचं? गेल्या शुक्रवारीच भाची बाळंत झाली. मुलगी. जन्माचं वजन बरोब्बर तीन किलो.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी केंद्रावर वजनाचा वार, वर्ग दुपारी. भाची छोटीला घेऊन आली. थंडी मी म्हणतेय! पाच दिवसांच्या जिवाला कशाला उघडं करायचं? लोकरीच्या दुपट्यासकट काट्यावर ठेवली. तीन किलो पन्नास ग्रॅम. पाचव्या दिवशी जन्माच्या वजनाच्या वर! कार्डावर लिहिलं — वाढ उत्तम, महिन्याने या.

"मावशी, मला वाटत होतं दूध येतच नाहीये," भाची म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. म्हटलं, वेडाबाई, काटा काय खोटं बोलतो?

५ डिसेंबर

संध्याकाळी भाचीकडे. छोटी दोन मिनिटं चोखते की झोपलीच. रडणं नाहीच. तिच्या सासूबाई खूश — "असं गुणी लेकरू आमच्या घरात झालंच नव्हतं हो!" लंगोटावर विटकरी डाग होता. भाचीने विचारलं, हे काय? म्हटलं, होतं असं.

वहीत नाही लिहिलं. एवढं तेवढं काय लिहायचं.

७ डिसेंबर, शनिवार

आज बाईंनी डोळे मिटायला लावले आणि नुसता आवाज ऐकवला. एक बाळ चोखत होतं आणि गिळत होतं. दुसरं नुसतंच चोखत होतं. बावीस वर्षांत मी हे कधी कान देऊन ऐकलं नव्हतं, खोटं कशाला बोलू!

मग म्हणाल्या, "रडणाऱ्या बाळाची मला भीती वाटत नाही. सारखं झोपणाऱ्याची वाटते. पोटात काही नसलं की बाळ रडायचंसुद्धा सोडून देतं." पुढचं चित्र लंगोटाचं. विटकरी डाग — दूध कमी पडत असल्याची खूण. चौथ्या दिवसानंतर दिसला तर लगेच तपासा.

छोटीच्या लंगोटावरचा डाग आठवला. पण वजन वाढलंय ना — पन्नास ग्रॅम! मी स्वतः आकडा वाचलाय. घरी येईपर्यंत तेच घोकत होते.

८ डिसेंबर

भाचीला सकाळी फोन. "झोपलीय." दुपारी केला. "झोपलीय, मावशी." संध्याकाळी केलाच नाही. का नाही केला, ते मलाच ठाऊक.

९ डिसेंबर, सोमवार



वजनाचं प्रात्यक्षिक होतं. बाईंनी गुंडाळलेली बाहुली पुढे केली. "कोण करतंय?" सगळ्यांनी मलाच ढकललं — अनुभवी ना! मी ऐटीत काट्यावर ठेवली, आकडा वाचला. बाईंनी दुपटं सोडलं. स्वेटर, टोपी, लंगोट काढला. बाहुली पुन्हा ठेवली. चारशे ग्रॅम कमी!

वर्ग हसला. मी कुठली हसतेय!

जन्माच्या वेळी छोटीला उघडीच तोलली होती. मी तोलली दुपट्यात. म्हणजे बुधवारी ती होती दोन किलो साडेसहाशे. वाढली नव्हती, वाळत चालली होती. आणि मी कार्डावर लिहिलं — वाढ उत्तम.

जिन्यातूनच फोन लावला. "उठव तिला, आत्ताच्या आत्ता!"

"मघापासून उठवतेय गं मावशी. डोळेच उघडत नाहीये ती."

१० डिसेंबर

काल भरती केली तेव्हा दोन किलो चारशे. रात्रभर सलाइन. डॉक्टर म्हणाले, "आजचा दिवस थांबला असता तर काही खरं नव्हतं." भाचीचं दूध पंपाने काढून थेंब थेंब नळीतून देतायत. दुपारी छोटी रडली. बारीक आवाजात, पण रडली! 

भाची गळ्यात पडली. "तुझ्यामुळे वाचली गं!"

 सांगायला हवं होतं. जीभच उचलली नाही. लाज वाटते स्वतःची.

११ डिसेंबर, बुधवार

केंद्र उघडायच्या आधी नोंदवही काढली. थंडी पडल्याला पाच आठवडे झाले. पाच बुधवार. एकोणतीस बाळं, सगळी दुपट्यात तोललेली. बहुतेकांच्या कार्डावर माझ्या अक्षरात — महिन्याने या.

यादीतल्या पहिल्या आईला फोन लावलाय. घंटा वाजतेय. कोणी उचलत नाही.