चालता पट्टा पेटीत

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निवृत्त होऊन महिना झाला नाही तोच तू बाबांची जीप घेऊन एकटी खडकाळ पठार ओलांडणार असल्याचं माझ्या लेकीकडून कळलं. मला सांगायला तोंड उघडलं नाही वाटतं! तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरांच्या हातात कात्र्या दिल्यास, म्हणून रस्ताच नसलेल्या मुलखात पाच दिवस गाडी हाकता येते असं नाही. मनगटात तुझ्या स्टीलची पट्टी. स्टेपनी कोण उचलणार?

तुला अडवून उपयोग नाही हे लहानपणापासून ठाऊक आहे, तरी अडवतोय. त्या गाडीचे सुटे भाग आता दुकानात मिळत नाहीत, ते तुझ्या गॅरेजवाल्या भावालाच शोधावे लागणार. तेव्हा अट ऐक. एकटीनं चाक बदलून दाखव, दुसऱ्या कुणाचं बोट लागता कामा नये. मगच सुट्या भागांची पेटी पाठवीन.

रागावू नकोस. रागवायचंच असेल तर निदान जेवून रागाव.

तुझा धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

जेवले, मग रागावले, मग चाक बदललं. चाळीस मिनिटं लागली. गाडी उचलण्याआधीच नट सैल केले, पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि मनगटाऐवजी अंगाचा भार टाकला. जॅक मातीत रुतू नये म्हणून खाली फळी ठेवली. स्टेपनी उचललीच नाही, गडगडत आणली आणि पहारीनं वर ढकलली. शेजारचे गृहस्थ मदतीला धावले, तर त्यांना माझं घड्याळ धरायला दिलं. वेळ त्यांनीच मोजली आहे, हवं तर विचार.

हत्यारांसाठी हिरव्या कापडाची गुंडाळी शिवली आहे. प्रत्येक पान्याला, पकडीला वेगळा कप्पा. सतरा नग. काम सुरू करताना मोजायचे, संपल्यावर पुन्हा मोजायचे. पेशंटच्या पोटात एकदाही चिमटा राहू दिला नाही मी, गाडीच्या पोटात पाना कसा राहू देईन?

तू बारा वर्षांचा झाल्यापासून बाबा तुला पठारावर न्यायचे. मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि माझ्या वाट्याला पाण्याचे कॅन भरून पायरीवर उभं राहणं. मुलीचं तिथे काय काम, असं ते म्हणायचे. काय काम असतं ते आता मी बघून येणार आहे. पेटी पाठव.

लोभ आहेच, थोडा विश्वासही असू दे.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हरलो. पेटी पाठवली आहे. फॅन बेल्ट, रेडिएटरचे दोन होज पाइप, क्लच केबल, प्लग, फ्यूज, तार आणि चिकटपट्टी. सगळं कोरं आहे. सील फोडू नकोस, धूळ जाईल. लागलंच तर तिथे फोड.

मोजत बस म्हणजे झालं.

धाकटा


२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सगळी सीलं फोडली. पायरीवर उभी असायचे तरी माझे कान उघडे होते. नवा भाग गाडीत चढवायचा, आणि उतरवलेला, चालत असलेला, पेटीत ठेवायचा. म्हणजे पेटीतली वस्तू बसते याची खात्री असते. पेटी भरताना दरवेळी बाबा हे तुझ्याकडून घोकून घ्यायचे.

होज बसले, केबल बसली. तुझा फॅनचा पट्टा मात्र दोन बोटं आखूड आहे. पुलीवर चढतच नाही. सील तसंच ठेवलं असतं तर हे मला पठाराच्या मधोमध कळलं असतं. इतरांच्या गाड्यांना डोळे मिटून पट्टे बसवतोस तू. ही चूक तुझ्या हातून झाली कशी? खरं काय ते लिही.

ताई


३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खरं लिहितो. बाबांनी त्या गाडीला दुसऱ्या गाडीची मोठी पुली बसवली होती, त्यामुळे कॅटलॉगमधला पट्टा तिला आखूडच पडतो. हे मला पस्तीस वर्षांपूर्वी कळलं होतं. शेवटच्या फेरीला मी एकोणीस वर्षांचा होतो आणि पेटी मी भरली होती. कंटाळा केला, नवा पट्टा न बसवता तसाच टाकला. पठारावर जुना तुटला आणि नवा काही केल्या चढेना. बाबा मला गाडीपाशी ठेवून पट्टा आणायला दीड दिवस चालत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या बुटांत रक्त होतं. घरी त्यांनी सांगितलं की पेटी आपणच भरली होती. पुन्हा ते पठारावर गेले नाहीत, आणि आपण सगळे वय झालं असं म्हणत राहिलो.

तेव्हापासून त्या गाडीचं बॉनेट मी उघडलेलं नाही. सख्खी बहीण गाडी परक्या मेकॅनिककडे नेते म्हणून लोक हसतात, तेही ऐकून घेतो. तुझी पेटी भरतानाही ते सगळं आठवायचं टाळलं, कॅटलॉग बघून पट्टा मागवला आणि विषय मिटवला. लाज वाटते.

बरोबर मापाचा पट्टा सोबत आहे. ताई, एकटी जाऊ नकोस. मी येतो. गाडी मी चालवीन.

धाकटा


१९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र पठाराच्या पलीकडून लिहिते आहे. तुझा पट्टा मिळाला त्याच दिवशी चढवला, दोन दिवस गावात फिरवला, जुना पेटीत ठेवला आणि निघाले. तुला मुद्दाम कळवलं नाही. कळवलं असतं तर धावत आला असतास आणि स्टिअरिंगला चिकटला असतास.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला. जे मला मिळावं म्हणून मी पायरीवर झुरत होते, ते तुला मिळालं आणि तू ते भीतीपोटी टाकून दिलंस. वरून तीच भीती माझ्या गाडीत भरायला निघालास. नाही भरली. पाण्याचे कॅन ठेवल्यावर जागाच उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पुलीत खडा अडकला आणि नवा पट्टा फाटला. आसपास चिटपाखरू नव्हतं. भ्याले, खोटं कशाला सांगू. पण हात चालत होते. जुना पट्टा पंचवीस मिनिटांत चढवला. मग हत्यारं मोजली तर सोळाच. तेरा नंबरचा पाना बंपरवर राहिला होता. तो गुंडाळीत घातला आणि तिथेच उन्हात मोठ्यानं हसले. बाबांना ऐकू जायला हवं होतं.

आता परत यायचं आहे आणि पेटीत पट्टा नाही. दुसऱ्या कुणाकडून मागवणार नाही. पठाराला वळसा घालून बस येते, तिनं इथपर्यंत ये, पट्टा घेऊन ये. आल्यावर आधी तो गाडीत चढवायचा, माझ्यासमोर. बॉनेट तू उघडायचंस. परतीची पेटीही तूच भरायचीस.

मोजून मी घेईन. आणि गाडी मीच चालवणार, तू शेजारी बसायचंस.

वाट बघते. लोभ वाढवायचा असेल तर पहिल्या बसनं वाढव.

ताई