अपडेटने खाल्लं

११ ऑक्टोबर

सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर पडद्यावर फुगे. फुगे! ‘नमस्कार! आम्ही तुमच्यासाठी सगळं सोपं केलंय.’ कोणी सांगितलं होतं?

मागच्या अपडेटमध्ये फोल्डरांची यादी गेली. या वेळी ती काळी खिडकी गेली, जिथे दोन ओळी टाइप करून मी हवं ते करून घ्यायचो. तिच्या जागी भलंमोठं गोल बटण — ‘मदत हवी?’ नको! काचेच्या कारखान्यातली कॉम्प्युटर-रूम सांभाळण्यात माझी उभी हयात गेली. भट्ट्यांची राखण माझ्या हुकमावर चालायची. आणि आता आवाजाची एक साधी सेटिंग बदलायला गेलो तर उत्तर काय? ‘काळजी नसावी, ते आम्ही बघतो.’

युए-ताओ मागे उभी राहून हसत होती. “वेन-त्साय, ते बिचारं भांडत नाहीये. तू एकटाच भांडतोयस.” वर म्हणाली, “मला तर आता कुठे जमायला लागलंय.”

तेच तर. बायकोला जमतं आणि मला जमत नाही, असली सिस्टीम!

१३ ऑक्टोबर

आज हिला विचारलं, “आईची रेकॉर्डिंगं कुठे ठेवतेस?”

“इथे.” पडद्यावरच्या पेटीच्या चित्रावर बोट.

“अगं, पण ही पेटी डिस्कवर कुठे आहे?”

“पेटीत!”

“तसं नसतं गं. वस्तूला पत्ता असतो.”

“मला आईचा आवाज ऐकायचा असतो, तिला पत्र नाही टाकायचं,” म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

सासूबाईंना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. शेवटची दोन वर्षं ही जवळजवळ दर रविवारी बेइपूला माहेरी जायची आणि म्हातारीला बोलतं करायची. हक्का बोलीतली डोंगरातली गाणी, पर्सिमॉनची फळं वाळवायची रीत, मेलेल्या दिरांना घातलेल्या शिव्या — सगळं या पेटीत. मी आपला होक्कियेन बोलणाऱ्या घरातला, मला निम्मंच कळतं. पण हसायच्या त्या, ते कळायचं.

त्या पेटीचा पत्ता मी तासभर शोधला. सिस्टीम सांगतच नाही. जणू मी चोर!

१५ ऑक्टोबर

झालं! पुसून टाकली.

ही काल बेइपूला गेली, मेहुण्याकडे पर्सिमॉन सोलायला. तीन-चार दिवस तिकडेच. मला मोकळं रान. आधी हिच्या सगळ्या वस्तू बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवल्या — यादी बघितली, एकेक नाव होतं. मग ती फुग्यांची सिस्टीम मुळासकट उपटली आणि आपली जुनी, भरवशाची टाकली. काळा पडदा, पांढरी अक्षरं. आहाहा! घट्ट बूट काढल्यासारखं वाटलं.

जाता जाता ती सिस्टीम किती गळ्यात पडत होती! ‘खातं बंद करायचं? खरंच? तुमच्या आठवणी आमच्याकडे आहेत.’ हो. ‘नक्की ना?’ हो, हो, हो! खातं हिच्या नावावर होतं, पण पासवर्ड मीच लावलेला. टाकलं बंद करून.

संध्याकाळी नूडल्सच्या सूपमध्ये दोन अंडी घातली. आनंदात.

१६ ऑक्टोबर

नावं आहेत. आत काही नाही.

‘आई – आल्याचं लोणचं.’ शून्य. ‘आई – चहाच्या मळ्यातलं गाणं.’ शून्य. ‘आई – बाबांचं लग्न ठरलं तेव्हा.’ शून्य. सगळी तशीच, नुसती टरफलं. खरा माल त्या सिस्टीमने स्वतःपाशी ठेवला होता आणि पडद्यावर फक्त नावं मांडली होती. मी नावं मोजली आणि डिस्क पुसली.

एकही उघडून बघितलं नाही मी. एकही! नव्या पोरांना मीच सांगायचो — उघडून बघितल्याशिवाय कॉपी झाली म्हणू नका.

१७ ऑक्टोबर

पुसलेलं परत काढायची जेवढी हत्यारं माहीत होती तेवढी चालवून बघितली. एका रेकॉर्डिंगचा कुठला तरी तुकडा निघाला. खरखर, मग कोंबडा आरवल्याचा आवाज, मग काही नाही. बाकी सगळ्यावर माझी नवी सिस्टीम जाऊन बसलीय.

मग मी जे केलं ते लिहायलाही हात धजत नाही. फुग्यांची सिस्टीम पुन्हा टाकली. हिच्या नावाने नवं खातं उघडलं. तोच पासवर्ड, पडद्यावर मागे हिचा तोच पर्सिमॉनचा फोटो लावला. दिसायला सगळं होतं तसं. फक्त पेटी रिकामी.

पुसणं ही चूक होती. हे काय आहे?

१८ ऑक्टोबर

ही आली. दोन पिशव्या पर्सिमॉन, वाऱ्याने गाल लाल झालेले. “तोंड का असं पडलंय तुझं? उपाशी होतास का?” लगेच पातेलं चढवलं. मी जेवलो. तिने वाढलं तेवढं सगळं जेवलो.

२० ऑक्टोबर

दुपारी तिने पेटी उघडली. मी पेपर धरून बसलो होतो.

“अरे? वेन-त्साय, आई कुठे गेली?”

असंच म्हणाली. रेकॉर्डिंगं कुठे गेली, असं नाही. आई कुठे गेली.

मी उठलो, चष्मा लावला, माऊस इकडेतिकडे फिरवला. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं — “अपडेटने खाल्लं गं.”

किती सहज! जीभ अडखळली पण नाही. वर आणखी दहा वाक्यं. “मी म्हणतच होतो, ही सिस्टीम भरवशाची नाही. माणसाला काही दाखवत नाही, काही विचारत नाही...” सगळं खरंच होतं ते. म्हणूनच तर खोटं इतकं छान बसलं त्यात.

ती रडली नाही. पेटीच्या चित्रावर पुन्हा पुन्हा क्लिक करत राहिली. मग म्हणाली, “तू सांगत होतास, मीच ऐकलं नाही.”

देवा!

२१ ऑक्टोबर

तिने मला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेलंच. मी नको नको म्हणत होतो, तर म्हणे, “तू भिडस्त आहेस. मी बोलते.”

काउंटरवर चिएन नावाची मुलगी. आमच्या धाकटीच्या वयाची असेल. युए-ताओ तिच्यावर अशी तुटून पडली की रांगेतले लोक वळून बघायला लागले. “माझी मेलेली आई होती त्यात! पुन्हा कुठून आणून देणार तुम्ही? हे माझे यजमान, आयुष्य गेलं यांचं कॉम्प्युटरमध्ये. ते सांगतायत अपडेटने गेलं, आणि तुम्ही म्हणता असं होत नाही?”

मुलीचे कान लाल झाले. तरी शांतपणे माझ्याकडे वळून विचारलं, “काका, मधे कधी मशीन पुसलं होतं का? किंवा जुनं खातं बंद वगैरे केलं होतं? असेल तर सांगा, काही हरकत नाही. त्याप्रमाणे बघता येतं.”

“मी?” मी म्हणालो. “मी असलं कशाला करीन?”

तिने मान डोलावली आणि तक्रार लिहून घेतली. बाहेर पडताना युए-ताओने माझा दंड धरला होता. वारा सुटला होता. मला तो दंड काढून टाकून द्यावासा वाटत होता.

२४ ऑक्टोबर

फोन नाही. ही दिवसातून चारदा विचारते.

२७ ऑक्टोबर

फोन आला. अपडेटमध्ये काही दोष सापडला नाही. मशीनही ठीक आहे. युए-ताओने फोनवरच मॅनेजरला मागून घेतलं आणि त्याला झोडपलं. तो गयावया करत होता. म्हणाला, काउंटरवरच्या मुलीला लेखी खुलासा द्यायला सांगितलाय, तिनेच प्रकरण नीट हाताळलं नसेल.

“बघ,” फोन ठेवून ही मला म्हणाली, “धारेवर धरलं तेव्हा कसे सरळ आले!”

संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं, सगळे पिशव्या घेऊन खाली आले. तिथे ही खालच्या वेईबाईंना सांगत होती — “आमच्या यांना सगळं कळतं हो. पहिल्या दिवसापासून सांगत होते. पण हल्ली जाणत्या माणसाचं ऐकतं कोण?” वेईबाई माझ्याकडे आदराने बघत होत्या. मी कचऱ्याची पिशवी गाडीत टाकली आणि गाडी वळेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

त्या मुलीचा खुलासा! काय लिहिणार ती त्यात?

३१ ऑक्टोबर

आज भाजी चिरता चिरता ही गाणं म्हणत होती. चहाच्या मळ्यातलं. दुसऱ्या ओळीनंतर थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबली.

“पुढे काय रे होतं? तू पण होतास की त्या दिवशी.”

होतो. अंगणात स्टुलावर बसून पर्सिमॉन खात होतो. ऐकलं नव्हतं. रेकॉर्ड होतंय, मग ऐकायचं काय, असं वाटलं असेल.

“आठवत नाही,” म्हणालो. हे तरी खरं होतं.

तिने कोबी चिरायला घेतला. गाणं परत म्हटलं नाही.

२ नोव्हेंबर

सांगायचं ठरवलं होतं. तिने समोर तांदळाची पेज ठेवली, वर मुळ्याचं लोणचं, आणि म्हणाली, “किती वाळलायस तू! तुझीच आई असल्यासारखं लावून घेतलंस जिवाला.”

नाही सांगितलं.

४ नोव्हेंबर

सांगितलं.

सकाळी मेहुण्याचा फोन. वर्षश्राद्धाला सगळे जमणार आहेत, तैपेईचे, कॅनडाची भाची सुद्धा. म्हणाला, “ताई, जेवणं झाली की आईचा आवाज लावू. पोरांनी ऐकला पाहिजे.” ही माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होती. “नाही रे. कंपनीने घालवलं. हो, सगळं. तुझे भाऊजी तरी काय करणार? त्यांनी जिवाचं रान केलं रे.”

तिने फोन ठेवला आणि श्राद्धात जाळायचे सोनेरी कागद दुमडायला बसली. मी समोर बसलो. म्हणालो, “कंपनीने नाही. मी घालवलं.”

मग सगळं बोललो. पुसलं कधी, का, खातं कसं बंद केलं, फोटो परत कसा लावला. मधे ‘सिस्टीम दाखवतच नाही’ असं काहीतरी निघालं तोंडून, तेव्हा तिने फक्त हात वर केला. मी थांबलो.

तिने हातातला कागद दुमडून पुरा केला. पहिलं वाक्य काय म्हणाली? “म्हणजे त्या पोरीचा काहीच दोष नव्हता.”

“नव्हता.”

“आणि मी तिला सगळ्यांसमोर...”

मग माझ्याकडे बघितलं. “आई गेली, ते सोसलं मी. हेही सोसलं असतं. तुझ्या हातून झालं असतं ना, तुला दोन शिव्या घातल्या असत्या आणि रडले असते. पण तू मला इतके दिवस शोधायला लावलंस रे. तुला माहीत होतं ती कुठेच नाहीये, आणि तू मला शोधू दिलंस.”

तिने दुमडलेल्या कागदांचा ढीग माझ्याकडे सरकवला. “हे पिशवीत भर.”

भरले.

५ नोव्हेंबर

बोलते. मीठ दे, दार लाव, एवढंच. माझं नाव घेत नाही.

संध्याकाळी एक वाक्य जास्तीचं — “त्या मुलीच्या साहेबाला तू स्वतः जाऊन सांगायचंस. मी येणार. मला तिची माफी मागायची आहे.”

७ नोव्हेंबर

गेलो. मॅनेजरला बाहेर बोलावलं आणि रांगेतल्या लोकांदेखत सांगितलं — मी पुसलं, मी खोटं बोललो, या मुलीची काही चूक नाही. त्याने खुलासा रद्द करतो म्हटलं आणि घाईने आत गेला. युए-ताओने चिएनचे दोन्ही हात धरले, वाकून माफी मागितली आणि बाहेर वाऱ्यात जाऊन उभी राहिली.

मुलीने मला जुनं खातं बंद केल्याची तारीख विचारली. सांगितली. ती पडद्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “काका, बंद केलेलं खातं आमच्याकडे दोन आठवडे तसंच असतं. आतल्या सगळ्यासकट. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्या दिवशी होतं ते. परत चालू केलं असतं की झालं होतं.”

बाहेर आलो.

“काय म्हणत होती?” हिने विचारलं.

“काही नाही,” म्हणालो. “माफ केलं म्हणाली.”