इस्त्रीचे दोन प्रयोग

ती. वन्सं,

फरशी पुसून झाली होती, दूध वेळेवर उतरवलं होतं, आदल्या दिवशीचे वाळलेले कपडे तारेवरून काढून, पाणी शिंपडून, गुंडाळून ठेवले होते, आणि इस्त्री तापत ठेवून मी दाराकडे पाठ करून उभी होते. तेवढ्यात चौदा माणसं घरात आली.

पण मी मधूनच सुरुवात केली. आधी नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळण्यापेक्षा जिने कमी करा असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, म्हणजे जिने चालूच आहेत. तुमच्या घरातल्या सगळ्यांच्या तब्येती ठीक असतील अशी आशा करते. मी आहे तशी आहे. हे पत्र घाईनं लिहायचं कारण एवढंच, की येत्या रविवारच्या वर्तमानपत्रात माझा फोटो येणार आहे. तो पेपर तुमच्या घरी येतो, तुम्ही तो पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचता, आणि फोटोत माझ्या हातात जी वस्तू आहे ती तुम्ही चष्म्याशिवायही ओळखाल. तेव्हा पेपराच्या आधी माझं पत्र पोचलेलं बरं. त्या वस्तूकडे मी येतेच आहे. (माझं पाऊल जरा जड पडतंय, एवढं समजून घ्या.)

तर आमच्या गावात कलामहोत्सव भरला. सभागृहाचं छप्पर दोन वर्षांपासून दुरुस्तीला आहे, म्हणून महोत्सव गावभर पसरला. बँकेच्या पायऱ्यांवर गाणं, बस डेपोत नाच, आणि दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कविता. (तिथे लोक एरवीही गप्प बसून आपला नंबर कधी येतो याचीच वाट बघत असतात, तेव्हा कवींना काही वेगळं वाटलं नसावं.) दातांचे डॉक्टरच समितीचे चिटणीस. त्यांनी काही प्रयोग लोकांच्या राहत्या घरांत ठेवले होते. त्यातला एक आमच्या वरच्या मजल्यावर, पंचांकडे. पंच म्हणजे फुटबॉलचे रिटायर झालेले पंच, ज्यांचा कुत्रा मागच्या खेपेला तुमची चप्पल घेऊन गेला होता. शहरातून एक नटी येणार होती आणि ती पंचांच्या बैठकीच्या खोलीत ‘एका बाईची सकाळ’ असा प्रयोग करणार होती. बाई एकटीच घरात कामं करते, आणि लोक बघतात. मला पंचांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, त्यासाठी शहरातून माणूस कशाला आणायला हवं?

माझ्या त्या बोलण्याला दृष्ट लागली. समितीच्या माणसाला पाटी वर पंचांच्या दारावर लावायची होती. तो जिना चढायला लागला, कुत्र्यानं वरून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं पाटी खालीच माझ्या दाराच्या कडीला अडकवली. पाटीवर लिहिलं होतं: प्रयोग चालू आहे. दार उघडं आहे, आत यावे. कलाकार तुमच्याशी बोलल्यास उत्तर देऊ नये. हे मी नंतर वाचलं. इस्त्रीच्या वाफेनं जीव गुदमरतो म्हणून माझं दार रविवारी उघडंच असतं.

मी वळून बघितलं तर चौदा माणसं भिंतीला टेकून ओळीनं उभी. मी विचारलं, कोण पाहिजे? कोणी बोलेना. सगळे नुसते हसले, तेही अगदी आदरानं. आता माझी चूक ऐका. मागची खोली भाड्यानं द्यायची आहे असं मी औषधाच्या दुकानात सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, हे खोली बघायला आलेत. एका खोलीला चौदा माणसं! गावात जागेची इतकी टंचाई असेल असं मला वाटलं नव्हतं. पण आलेल्याला दारातून परत पाठवायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून मी त्यांना खोली दाखवली. खिडकी कशी अडकते आणि ती कुठे बुक्की मारली की उघडते तेही दाखवलं. न्हाणीघर दाखवलं. नळाला पाणी सहा ते आठ, त्यानंतर बादलीवर भागवावं लागेल हे सांगितलं. ते सगळे माझ्या मागून पावलं न वाजवता फिरत होते. एक जाड चष्म्याच्या बाई वहीत लिहून घेत होत्या. बादलीपाशी आल्यावर तर त्यांनी डोळे पुसले. मी मनात म्हटलं, एवढं वाईट वाटत असेल तर दुसरी खोली बघा, बाई.

कोणीच हो की नाही म्हणेना. इकडे इस्त्री तापलेली. मी म्हटलं, तुम्ही आपसांत ठरवा, मी माझं काम करते. आणि मी कामाला लागले.

आता त्या वस्तूकडे येते. वन्सं, मी यांच्या शर्टांना इस्त्री करत होते.

हो, यांच्याच. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही आलात, आणि जायच्या दिवशी म्हणालात, त्याचा एक शर्ट दे गं, घालायला नको कोणाला, नुसता पेटीत ठेवीन. तेव्हा मी म्हटलं, सगळे वाटून टाकले. तुम्ही पाणी मागितलंत आणि प्यायलात. त्या वेळी तुम्ही ज्या कपाटाला पाठ टेकून बसला होतात, त्यातच सातच्या सात शर्ट होते आणि किल्ली माझ्या मुठीत होती. का खोटं बोलले ते मला त्या दिवशी विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं. एक दिला तर सहा राहतील, एवढाच हिशोब डोक्यात होता. तुमचा तो सख्खा धाकटा भाऊ, तुम्ही कडेवर खेळवलेला, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. नंतर पुष्कळ वेळा आलं. पण खोटं जुनं झालं की ते उघडं करायला निमित्त लागतं, आणि तसं निमित्त मिळायला चौदा माणसांना वाट चुकून माझ्या घरात यावं लागलं.

दर शनिवारी मी ते धुते आणि दर रविवारी इस्त्री करते. ज्या शर्टावर छापखान्याच्या शाईचा अंगठा उमटलाय (निळ्या चौकडीचा, खिशाजवळ), तिथे साबण लावत नाही. हे आजवर कोणाला ठाऊक नव्हतं. छापखान्यावरून यांनी घरी दोनच गोष्टी आणल्या, शाईचे डाग आणि वाया गेलेले छापील कागद. त्या कागदांवरच मी वाचायला शिकले, हे तुम्हाला माहीतच आहे. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापलेली असत, आणि पुस्तकाचा पहिला कागद घरी येईलच असं नसे; अजूनही मी वाचलेल्या निम्म्या पुस्तकांची पहिली सोळा पानं मला माहीत नाहीत. गोष्ट मधूनच सुरू होते याची मला सवय आहे. लोक मधूनच घरात शिरले तरी मी फारशी घाबरले नाही, ते त्यामुळेच असावं.

तिसरा शर्ट घेतला तेव्हा त्या चौदांतल्या एका म्हाताऱ्याला राहवेना. तो शिंपी निघाला.

“बाई, कॉलर अशी नाही करत. टोकाकडून मध्ये या. नाहीतर चुणी पडते.”

“शूऽऽ!” बाकीचे तेरा म्हणाले. मला वाटलं, खोलीच्या बोलण्यात याला पुढे करायचं नाही असं त्यांचं ठरलंय.

मी म्हटलं, “पंचवीस वर्षं अशीच करतेय. घालणाऱ्यानं कधी तक्रार केली नाही.”

“तो बिचारा काय तक्रार करणार! बोलवा त्यांना, मी दाखवतो कॉलर कशी बसते ते.”

“बोलवू कुठून? ते गेले. अडीच वर्षं झाली.”

असं मी आजवर शंभरदा सांगितलं असेल. बँकेत, रेशनच्या रांगेत, गॅसवाल्याला. लोक मान हलवतात आणि पुढचा कागद मागतात. पण इथे त्या चष्म्याच्या बाईंनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. बराच वेळ. वन्सं, तुमच्या भावाला आयुष्यात कोणी टाळी वाजवली नव्हती. यंत्राच्या आवाजात ती ऐकूही आली नसती. आणि आता वाजली, तर ती ते गेल्याबद्दल! मला रागही येईना, रडूही येईना. हातात गरम इस्त्री असली की माणसाला यातलं काहीच नीट करता येत नाही.

शिंप्यानं मात्र टाळी वाजवली नाही. त्यानं शर्ट उचलला, कॉलर उलटी करून बघितली, जिथे मानेला घासून कापड विरतं तिथे बोट फिरवलं, आणि हळूच म्हणाला, “हा नाटकातला नाही. हा घातलेला आहे. माफ करा, ताई.” चौदांत एकट्यालाच कळलं होतं, आणि तेही कापडावरून.

तेवढ्यात वरून नटी आली. ती बिचारी तासभर पंच आणि कुत्रा यांच्यापुढे भाजी चिरत होती. (पंच म्हणतात, कुत्रा शेवटपर्यंत जागचा हलला नाही. ती भाजी नव्हती, उकडलेली अंडी होती, हे ते सांगत नाहीत.) पाठोपाठ दातांचे डॉक्टर आले. पाटीचा उलगडा झाला. मला वाटलं, लोक ओशाळून घरी जातील. पण चष्म्याच्या बाई डॉक्टरांना सांगत होत्या, “शर्ट बघा कसे कडक, आणि स्वतःच्या अंगावरचे कपडे पार चुरगळलेले! किती बारीक विचार केलाय यांनी!” मी खाली बघितलं. खरंच होतं. विचार मात्र काही केलेला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, पाचला पुन्हा प्रयोग करा, गावभर बोलबाला झालाय. मी नाही म्हणायला हवं होतं. दात काढायची सवय असलेल्या माणसापुढे कोणाचा नकार फार वेळ टिकत नाही, हे एक. दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, टाळ्यांची थोडी गोडी लागली होती. हसू नका.

साडेचारला तयारीला लागले तेव्हा लक्षात आलं, सातही शर्ट सकाळीच झालेले! आता इस्त्री कशाला करायची? मग मी दार लावलं आणि ते एकेक करून हातांनी चुरगळायला घेतले. पंचवीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. चौथ्या शर्टाला थांबले. वन्सं, मला एकदम दिसलं, की दर शनिवारी मी हेच तर करते. कोणीही न घातलेला शर्ट मळत नाही. तो धुवायचा म्हणजे ओला करून मीच चुरगळायचा, आणि रविवारी मीच सरळ करायचा. अडीच वर्षं मी हा प्रयोग बंद दाराआड करतेय. पाटी तेवढी नव्हती.

पाचला साठ माणसं आली. नटीही आली आणि चक्क खाली बसून बघत होती. मी दोन शर्ट केले. तिसरा, निळ्या चौकडीचा, हातात घेतला तेव्हा पेपरवाल्यानं फोटो काढला. मी म्हटलं, हे शर्ट आता कोणी घालत नाही, आणि इस्त्रीचं बटण बंद करून खुर्चीवर बसले. लोकांना टाळ्या कधी वाजवायच्या ते कळेना. शेवटी कुत्राच भुंकला आणि सगळे उठले. पेपरात फोटोखाली काय येणार आहे ते डॉक्टरांनी मला आधीच वाचून दाखवलं: ‘सकाळचा प्रयोग जिवंत होता; संध्याकाळी शेवट गुंडाळल्यासारखा वाटला.’ बरोबर लिहिलंय. मी गुंडाळलाच.

तुम्ही रागावला असाल तर रागवा. पण एका पत्रात रागवा, सात पत्रांत नको. माझ्याकडून सगळ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. मागची खोली अजून रिकामी आहे. चौदांपैकी एकानंही चौकशी केली नाही. तुम्ही आलात तर तिथेच झोपा. जिना चढावा लागत नाही.

दुसरा ता. क. येऊन शर्ट तुम्हीच निवडा. एक नाही, दोन घ्या. फक्त निळ्या चौकडीचा मागू नका.

तिसरा ता. क. तुम्ही तोच मागणार, हे मला माहीत आहे. तो तुम्हीच यांना शिवून दिला होतात. बरं, तो न्या. पण खिशाजवळ साबण लावू नका.

चौथा आणि शेवटचा. सोमवारी सकाळी मी सातही शर्ट होते तसेच घडी करून कपाटात ठेवले आणि किल्ली कपाटालाच राहू दिली. मग इस्त्री तापवली आणि माझ्या स्वतःच्या कपड्यांना इस्त्री केली.