बाई, ती गाडी आमचीच होती

पुणे, रविवार

तीर्थरूप बाईले धाकट्या भावाचा, केवळरामचा, पाया पडून दंडवत. आम्ही इकडे सारे बरे आहो. तुझा गुडघा कसा आहे?

तिकडं एका लग्नाले आलो होतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू फोनवर विचारलं, "केवळ्या, काल माझ्या दारावरून पांढरी गाडी गेली, तुमचीच का रे?" मी म्हणालो, "नाही बाई, आम्ही हायवेनं गेलो." ते खोटं होतं.

लाखनीजवळ ट्रकांची रांग लागली, तं मोबाइलनं मधली वाट दाखवली. माझा विनोद गाडी चालवे अन् मी मोबाइल धरून "आता डावीकडे, आता सरळ" सांगे. मान काही वर केली नाही. एका म्हातारीनं रस्त्यावर वाळत घातलेलं धान खराट्यानं बाजूला सारून आम्हाले वाट दिली. पुढं तुमच्या गावच्या तळ्याची पाळ आली तेव्हा समजलं, ती म्हातारी तू होतीस.

पोराले "गाडी मागं घे" म्हणायचं होतं. पण मोबाइलवर मांडवात पोचायले बाराच मिनिटं उरली होती, अन् मी "सरळ चल" म्हटलं. बहिणीच्या दारावरून पाणी न पिता जाणारा आपल्या घरातला मीच पहिला.

पुढच्या सोमवारी बसनं एकटाच येतो. स्टँडवरचा पानठेलेवाला नेहमीसारखा विचारेल, "बायाबाईचा भाऊ ना तुम्ही?" यावेळी हो म्हणायले जीभ रेटते का, माहीत नाही.

दारात उभी करून वाट्टेल ते बोल. पण मंग पाणी दे.

तुझा चुकलेला भाऊ,
केवळराम