मनूची काळी छत्री

८ जुलै २००६, शनि.
नागपूरचा रिपोर्ट आला. मनूच्या लघवीतून अमिनो आम्लं वाहून जातात. हार्टनप नावाचा आजार, जन्मापासूनचा. उन्हात तोंड लाल होणं, पाय लटपटणं, सगळं त्यातलंच. चार वर्षं आम्ही हळद लावली, धागे बांधले. शाळेत बाई 'नाटकं करते' म्हणून तिला उभं करत राहिल्या. एक वर्ष वाया गेलं पोरीचं. आणि उपाय काय, तर गोळ्या, रोज अंडी-डाळ, ऊन टाळायचं. एवढंच!
प्र. बसच्या खिडकीबाहेर बघत बसले. बाप आहेत तिचे, आणि बाहेरची शेतं बघतात!
येताना मनूला काळी छत्री घेतली.

११ जुलै, मंगळ.
कॉलेजात बारावीला मूत्रपिंड. दरवर्षीसारखंच शिकवलं. मूत्रनळीच्या भिंतीतली पेशी मागच्या दारानं, रक्ताकडे, सोडियम सतत बाहेर काढते, म्हणून आत तो कमी, नळीत जास्त. मग नळीतला सोडियम उतारानं आत येतो, आणि येताना अमिनो आम्लाला सोबत आणतो. धानाच्या वरच्या बांधीतलं, म्हणजे वाफ्यातलं, पाणी खालच्या बांधीत उतरताना मासोळ्या आणतं, तसं. पोरं हसली.
मनूकडे पाणी आहे, उतार आहे, मासोळ्याही आहेत. फक्त मधल्या धुऱ्यातली, मातीच्या बांधातली, वाट बुजलेली. पोरांकडे पाठ करून फळा पुसला.

१६ जुलै, रवि.
सासूबाई मनूच्या गोळ्या बघून सहज बोलून गेल्या, "आमच्या प्रभाकरले बी असंच होत होतं लहानपणी. उन्हात गेला का लाल. मोठा झाला, गेलं."
प्र. समोरच जेवत होते. मान वर केली नाही. त्यांनाच विचारलं, लग्नाआधी का नाही सांगितलं? मनू पहिल्यांदा लाल झाली तेव्हा तरी?
"मले वाटलं, तिचं बी आपोआप जाईन. मंग सांगाची हिंमतच नाही झाली."
नऊ वर्षं संसार केला या माणसाशी. फसवलं मला. सरळ फसवलं.

१८ जुलै, मंगळ.
मनूला घेऊन माहेरी आले. इथून रोज पॅसेंजरनं आमगावचं कॉलेज. जमेल. आई म्हणाली, "बरं केलं. त्यांच्याच रक्तात हाय ते. आपल्याकडे असं काही नाही." तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

२ सप्टें., शनि.
गोळ्यांचा गुण दिसतो आहे. मनू आज धुऱ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, एकदाही पडली नाही. प्र.चा फोन आला. घेतला नाही.

१४ ऑक्टो., शनि.
नागपूर, पुन्हा तपासणी. डॉ.नी विचारलं, "तुमच्या माहेरी कोणाला होतं?" मी ताडकन, "नाही!"
"विचारून बघा. एकाकडून आला तर हा आजार होत नाही. दोघांकडून यावा लागतो."
हे मी बारावीला शिकवते! फळ्यावर आईबापांच्या जनुकांची चौकट आखून. स्वतःच्या पोरीची चौकट आखायची वेळ आली तेव्हा अर्धीच आखली, त्यांच्याकडची. लाज वाटली. तरी आईला विचारलं नाही अजून. कारण ती हो म्हणाली तर...

२४ ऑक्टो., मंगळ. भाऊबीज.
मोठी काकू आली होती. मनूची छत्री बघून म्हणाली, "शांतीसारखीच हाय वं ही. तिलेबी ऊन सोसत नव्हतं."
शांती म्हणजे माझी मोठी बहीण. माझ्या जन्माआधीच तापानं गेली, एवढंच मला माहीत.
"ताप कायचा? झोकांडी गेली अन् नहराच्या पाण्यात पडली पोरगी. कोठीच्या खोलीत कोंडून ठेवे तुही माय तिले. त्या दिवशी दार उघडं राहिलं."

२५ ऑक्टो., बुध.
आईला विचारलं. तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.
"सांगून काय झालं असतं? तुले कोनी सून केली असती का?"
मनू तीन वर्षांची असताना पहिल्यांदा लाल झाली, तेव्हा जवळ आईच होती. झटकन पदरानं तोंड झाकलं होतं तिचं. मला वाटलं, आजीची माया. आई ओळखून होती. चार वर्षं ओळखून होती, आणि मला मांडीवर घेऊन म्हणाली, त्यांचं रक्त.
नवऱ्यानं फसवलं तेव्हा यायला ही मांडी तरी होती. आता कुठं जाऊ?

१९ नोव्हें., रवि.
माझ्या धाकट्या बहिणीला, रेखाला, बघायला पुढच्या रविवारी पाहुणे. मुलगा सासूबाईंच्या सख्ख्या भावाचा. आई हरखली आहे. तिला म्हटलं, दोन्ही घरांत हा आजार आहे, रेखाच्या लेकरालाही होऊ शकतो. नाही म्हणू नकोस, पण सांग तरी त्यांना. रेखालाही सांग.
"तू चूप राह्य. गोळीनं बरं होते ना आता? मंग कायले सांगतेस?"
प्र.ना फोन केला, चार महिन्यांनी. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मले हिंमत नाही झाली. तुले होईन का?"
टोमणा नव्हता. तरी लागलं.

२६ नोव्हें., रवि. सकाळ.
पाहुणे अकराला. काल रेखाला सांगायला गेले तर ती नवीन बांगड्या दाखवायला लागली. छान आहेत म्हटलं आणि परत आले. म्हणजे मीही त्यातलीच?
पोहे भिजवून ठेवले. रिपोर्ट पर्समध्ये आहे. तीनदा उघडून बघितला.
आई मनूला सांगते आहे, कोठीच्या खोलीत बस, पाहुणे जाईपर्यंत बाहेर येऊ नको. त्याच खोलीत.
बाहेर गाडी थांबली वाटतं. मनू छत्री घेऊन माझ्यासमोर उभी आहे.
"आई, आजी म्हणते छत्री लपव. लपवू?"